कट कुठे द्यायचा?
मोबाइलमधल्या फुटेजपासून पाहण्याजोग्या फिल्मपर्यंत

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या आसपासच्या गावांत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा दंडार, खडी गंमत या लोककला, पाळणे, दुकानं. रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या पट्ट्याचं, नाटक. पुढे हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात आणि पटाच्या निमित्ताने पुन्हा नाटकं होतात. या सगळ्या ठिकाणी आता शेकडो मोबाइल उंचावलेले दिसतात. तासन्‌तास शूटिंग होतं, मेमरी कार्ड भरतं आणि ते फुटेज तसंच पडून राहतं. ज्याने शूट केलं तोसुद्धा ते पुन्हा पूर्ण पाहत नाही.

हे वाईट वाटण्यासारखं आहे, कारण जे टिपलं जातंय ते मोलाचं आहे. 2023 साली ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टी रंगभूमीचं नाव देशभर गेलं. पण आपल्या तालुक्यातली दंडार कशी असते, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी बाया काय गातात, हे बाहेरच्या माणसाला दाखवायचं म्हटलं तर नीट जुळवलेली पाच मिनिटांची फिल्म सहज सापडत नाही. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती एडिटिंगची, आणि ते शिकण्यासाठी मोठ्या शहरात जायलाच हवं असं नाही.

सॉफ्टवेअरची बटणं आठवडाभरात हाताखाली येतात. खरं शिकायचं ते एकच: पाहणाऱ्याच्या मनात आत्ता कोणता प्रश्न आहे, हे ओळखणं. प्रत्येक शॉट पाहताना त्याच्या मनात काहीतरी उमटतं: हे कोण? कुठे चाललेत? तो का हसला? पुढचा शॉट त्या प्रश्नाचं उत्तर असला की फिल्म पुढे सरकते. उत्तर लवकर आलं तर गोंधळ उडतो, उशिरा आलं तर कंटाळा येतो. पुढची सगळी तंत्रं या एकाच गोष्टीसाठी आहेत.

शूटिंगच्या आधी एक वाक्य

एडिटिंगची सुरुवात टाइमलाइनवर होत नाही, वहीत होते. फिल्म कशाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा. ‘रोवणी’ हा विषय झाला. ‘पाऊस लांबल्यावर एक कुटुंब दोन दिवसांत रोवणी कशी उरकतं’ हे वाक्य झालं. अशा वाक्यात माणसं असतात, अडचण असते, शेवट असतो. कोणता शॉट ठेवायचा आणि कोणता काढायचा याचा निर्णय पुढे हेच वाक्य करतं. शॉट कितीही सुंदर असो, वाक्याशी त्याचा संबंध नसेल तर तो फिल्ममध्ये राहत नाही.

शूट करताना एडिटरसारखं पाहा

जे शूट झालं नाही ते एडिटिंगमध्ये जोडता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रसंगाचे निदान पाच प्रकारचे शॉट घ्या: सगळी जागा दिसेल असा दूरचा, माणूस आणि त्याचं काम एकत्र दिसेल असा मधला, फक्त हातांचा, फक्त चेहऱ्याचा आणि काम करणाऱ्याला जे दिसतंय त्याचा. रोवणीत हे असे होतील: चिखलणी झालेली अख्खी बांधी, वाकून रोवणाऱ्या बायांची रांग, चिखलात पऱ्हे (भाताची रोपं) खोचणारी बोटं, घामेजलेला चेहरा, धुऱ्यावर (बांधावर) ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरा. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन सेकंद जादा असू द्या, कट द्यायला तेवढी जागा लागते. सतत झूम करणं आणि कॅमेरा इकडून तिकडे फिरवणं टाळा, कारण हलत्या शॉटच्या मधोमध दिलेला कट सहसा खटकतो.

दिशेचा नियम शंकरपटात सर्वांत लवकर समजतो. जोडी डावीकडून उजवीकडे धावताना तुम्ही धावपट्टीच्या एका बाजूने शूट केली आणि पुढचा शॉट पट्टी ओलांडून समोरच्या बाजूने घेतला, तर पडद्यावर तीच जोडी उजवीकडून डावीकडे धावताना दिसते. पाहणाऱ्याला वाटतं, बैल उलटे फिरले. दोन माणसांच्या मध्ये किंवा हालचालीच्या दिशेने एक अदृश्य रेषा मानायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. याला 180 अंशांचा नियम म्हणतात. बाजू बदलायचीच असेल तर मध्ये समोरून येणाऱ्या जोडीचा किंवा प्रेक्षकांच्या चेहऱ्यांचा शॉट घाला. त्यानंतर दिशा बदललेली डोळा स्वीकारतो.

याचाच जोडीदार 30 अंशांचा नियम. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ जोडायचे असतील तर कॅमेऱ्याचा कोन निदान 30 अंशांनी बदललेला हवा, शॉटचा आकारही बदललेला हवा. नाहीतर चित्र जागच्या जागी उडी मारल्यासारखं दिसतं.

सेटिंगबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची आहे. त्यामुळे दिव्यांच्या उजेडात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं तर चित्रात पळणारे काळे पट्टे बहुतेक वेळा टळतात. मात्र नाटकाचे दिवे जनरेटरवर असतील तर ही वारंवारता थोडी हलते, म्हणून पडदा उघडण्याआधी एक मिनिट शूट करून तपासा. दुसरं म्हणजे एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. मोबाइल ते आपोआप बदलत राहिला तर एकाच प्रसंगातले दोन शॉट दोन वेगळ्या दिवसांचे वाटतात.

फुटेज सांभाळणं

घरी आल्यावर आधी कॉपी करा, मग काम. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर. दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. फुल एचडी रेकॉर्डिंग सेकंदाला 17 मेगाबिटच्या आसपास असेल तर तासाला साधारण साडेसात जीबी जागा लागते. पाच तासांचं नाटक दोन कॅमेऱ्यांनी टिपलं तर 75 जीबी. हा हिशेब शूटिंगला निघण्याआधीच करा.

प्रत्येक कामासाठी एक मुख्य फोल्डर आणि त्यात व्हिडिओ, आवाज, संगीत, फोटो, प्रोजेक्ट, तयार फाइल असे उपफोल्डर ठेवा. एडिटिंग सुरू झाल्यावर या फायली हलवू नका किंवा त्यांची नावं बदलू नका; सॉफ्टवेअरला त्या सापडेनाशा होतात.

मग सगळं फुटेज एकदा बसून पाहा. पाहताना वहीत क्लिपचा नंबर, वेळ आणि एक शेरा लिहा: ‘क्लिप 14, 2:10, आजी थांबून आभाळाकडे पाहते’. पहिल्यांदा पाहताना जिथे मनात काही हललं तिथे खूण करा. दहाव्यांदा पाहताना तोच शॉट सवयीचा झालेला असतो आणि त्याची ताकद तुम्हाला जाणवत नाही. प्रेक्षक मात्र तो पहिल्यांदाच पाहणार असतो.

रफ कट: आधी अर्थ, मग सफाई

खुणा केलेले शॉट क्रमाने टाइमलाइनवर ठेवा. या टप्प्यावर रंग, संगीत, इफेक्ट यांना हात लावू नका. गोष्ट कळते का, एवढंच पाहा.

रोवणीचं उदाहरण घेऊ. पहिला शॉट: रिकामी बांधी, आभाळ भरलेलं. प्रश्न उठतो, पाऊस येणार का? दुसरा: धुऱ्यावर उभा शेतकरी वर पाहतोय. हा कोण, कशाची वाट पाहतोय? तिसरा: चिखलात पडणारे थेंब. उत्तर मिळालं. चौथा: पेंढी सोडणारे हात. काम सुरू झालं. चार शॉट, पंधरा-वीस सेकंद आणि एकही शब्द नाही. आता दुसरा आणि तिसरा शॉट अदलाबदल करून पाहा. पाऊस आधी पडतो आणि शेतकरी नंतर वर पाहतो. वाट पाहणारा माणूस आता पावसाचं स्वागत करणारा झाला. शॉट तेच आहेत, अर्थ बदलला.

1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी हाच प्रयोग केला होता. एका नटाचा तोच भावहीन चेहरा त्यांनी वेगवेगळ्या चित्रांना जोडला. सूपच्या वाटीनंतर तो प्रेक्षकांना भुकेला वाटला, शवपेटीनंतर दुःखी. भाव दोन शॉटच्या जोडणीत असतो. म्हणून क्रम लावणं हे एडिटरचं सर्वांत मोठं काम आहे, आणि त्यात त्याची जबाबदारीही आहे. एखाद्याचं हसू भलत्या प्रसंगाला जोडलं तर ते सरळ खोटं ठरतं. माहितीपटात असं करू नका.

कटचे प्रकार आणि त्यांची कारणं

हालचालीवर कट: बाई पऱ्हे घेऊन वाकायला लागली की दूरचा शॉट सोडा आणि जवळच्या शॉटमध्ये वाकणं पूर्ण होऊ द्या. डोळा हालचालीमागे जातो आणि जोड दिसत नाही.

कटअवे: मुलाखतीत माणूस अडखळला, विषय भरकटला, तर तेवढा भाग काढा आणि त्या जोडावर त्याच्या हातांचा, घराचा, औजारांचा शॉट ठेवा. बोलणं सलग राहतं. फक्त त्याच्या म्हणण्याचा अर्थ बदलणार नाही, हे बघा.

जे-कट: पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी आणि चित्र नंतर. घरात शांत बसलेली आजी दिसतेय आणि दंडारीतली ढोलकी ऐकू येऊ लागते. प्रेक्षक विचारतो, हे कुठे वाजतंय? तेव्हा अंगण दाखवा.

एल-कट: आधीच्या प्रसंगाचा आवाज नव्या चित्रावर चालू राहतो. शेतकरी बोलतोय, आपण त्याचं शेत पाहतोय. मुलाखतीच्या फिल्ममध्ये निम्मं काम या दोन कटांवर होतं.

डिझॉल्व्ह आणि फेड: एक चित्र दुसऱ्यात विरघळलं की वेळ गेल्याची जाणीव होते, पडदा काळा झाला की एक प्रकरण संपतं. तेवढ्यासाठीच ते वापरा. फिरत, उडत, चमकत येणारी ट्रान्झिशन पाहणाऱ्याचं लक्ष गोष्टीवरून काढून तंत्राकडे नेतात.

नियम एकमेकांच्या आड आले तर? हॉलिवूडचे एडिटर वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटच्या कसोट्यांना टक्के दिले आहेत. भावनेला 51, कथेला 23, लयीला 10. जागेची अचूक सलगता सर्वांत शेवटी, 4 टक्के. एका शॉटमध्ये पदर डाव्या खांद्यावर आणि दुसऱ्यात किंचित सरकलेला आहे, पण चेहऱ्यावरचा भाव खरा आहे, तर तो शॉट निःशंकपणे ठेवा.

लय म्हणजे सगळे शॉट छोटे करणं नाही. पटाच्या शर्यतीत एक-दोन सेकंदांचे शॉट शोभतात. जोडी सुटण्याआधीची ताणलेली शांतता लांबच हवी, तरच पुढचा वेग जाणवतो. शॉटमधली माहिती डोळ्यांना पुरेशी मिळाली की कट द्या. भाव अजून उलगडत असेल तर थांबा.

वेळ आटवण्याचं सामर्थ्य तर आपल्या सिनेमाच्या जन्मापासूनचं आहे. 1912 साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्याने वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या फ्रेमनी टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, तुकडे जोडणं या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा हात होता. आज मोबाइलमधला टाइमलॅप्स हेच काम करतो. पऱ्हे टाकल्यापासून लोंबी भरेपर्यंत ठराविक जागेवरून रोज एक फोटो घेतला, तर अख्खा खरीप काही सेकंदांत मावतो.

आवाजाला निम्मा वेळ द्या

चित्र थोडं अंधुक असलं तर लोक पाहतात. आवाज समजेना की लगेच पुढे जातात. मुलाखतीत कॉलरचा माइक वापरा. तो नसेल तर दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात रेकॉर्डिंगला ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. दोन्ही रेकॉर्डिंगमधली टाळी जुळवली की चित्र आणि आवाज जुळतात. निघताना त्या जागेचा निव्वळ आवाज अर्धा मिनिट टिपा. जोडांच्या मधली पोकळी भरायला तो लागतो.

मिक्स करताना संवाद उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा आणि कुठलाही आवाज शून्यापर्यंत जाऊ देऊ नका, नाहीतर तो फाटतो. बोलण्याखालचं संगीत इतकं हळू हवं की शब्दासाठी कान द्यावा लागू नये.

आणि संगीत हवंच का, हेही विचारा. व्ही. शांताराम यांनी 1937 च्या ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत वापरलंच नाही, प्रसंगातले स्वाभाविक आवाजच नाट्य उभं करतात. ‘सैराट’च्या शेवटी आवाज पूर्ण काढून घेतला आहे आणि त्यामुळेच तो प्रसंग अंगावर येतो. तुमच्या फिल्ममध्ये चिखलात पडणारं पाऊल, बैलांच्या घुंगरांचा नाद, धुऱ्यावरच्या गप्पा असतील, तर त्यांच्यावर तयार संगीत ओतू नका.

रात्रभराचं नाटक टिपताना

झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतं. एक कॅमेरा मधोमध तिपाईवर ठेवा. त्यात अख्खा रंगमंच सतत दिसला पाहिजे; तो तुमचा आधार. दुसरा बाजूने, चेहरे आणि वादक टिपायला. तिसरा मिळाला तर प्रेक्षकांकडे वळवा. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट रेकॉर्डरमध्ये घ्या आणि प्रेक्षकांतला हशा-टाळ्यांचा आवाज वेगळा घ्या. दोन्ही मिळवले तरच नाटक जिवंत वाटतं.

लांब रेकॉर्डिंगमध्ये एक अडचण हमखास येते: सुरुवातीला जुळलेला आवाज तासाभराने ओठांच्या मागे-पुढे जातो. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे असं होतं. उपाय दोन. प्रत्येक अंकाला रेकॉर्डिंग नव्याने सुरू करा आणि टाळी द्या. आणि एडिटिंगआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फायली स्थिर फ्रेमवेगात बदलून घ्या. नंतर सॉफ्टवेअरमधली मल्टिकॅमची सोय वापरून नाटक चालू असतानाच कॅमेरे बदलत जा. बोलणाऱ्यावरच कॅमेरा ठेवायचं कारण नाही. घाव बसेल असं वाक्य आलं की ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा.

रंग आणि अक्षरं

आधी दुरुस्ती, मग सजावट. उजेड समान करा, पांढरं पांढरं दिसू द्या, माणसाच्या कातडीचा रंग नैसर्गिक ठेवा. धानाचा हिरवा रंग मुळातच गडद असतो. तो आणखी भडक केला तर प्लास्टिकसारखा दिसतो.

शीर्षकांसाठी मुक्त, नोटो किंवा बालू यांसारखे युनिकोड फॉन्ट वापरा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या मोडतात. अक्षरं कडेला चिकटवू नका. नाव वाचून होईपर्यंत, निदान तीन-चार सेकंद, पडद्यावर राहू द्या. कोणी झाडीबोलीत बोलत असेल तर त्याचं बोलणं तसंच ठेवा आणि खाली प्रमाण मराठीत सबटायटल द्या, एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. बोलीचा गोडवा राहतो आणि पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकालाही समजतं.

साधनं आणि शेवटची फाइल

चांगला संगणक असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्या. त्यात एडिटिंग, रंग आणि आवाज तिन्हींची सोय आहे. साध्या लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह चालतं. मोबाइलवर काइनमास्टर किंवा व्हीएन पुरेसं आहे. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी म्हणजे हलक्या प्रती तयार करून त्यांच्यावर काम करा. शेवटची फाइल सॉफ्टवेअर मूळ फुटेजमधूनच काढतं.

यूट्यूबसाठी 1920 बाय 1080, एच 264, सेकंदाला 8 ते 12 मेगाबिट आणि आवाज 48 किलोहर्ट्‌झ ठेवा. रीलसाठी 1080 बाय 1920 ची उभी चौकट वेगळी करा. आडव्याची उभी करताना प्रत्येक शॉटची रचना नव्याने पाहावी लागते.

परवानगी आणि श्रेय

नाटक टिपण्याआधी मंडळाची आणि लेखकाची परवानगी घ्या. त्यांच्या प्रयोगांवर त्यांचं पोट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. म्हणून आवडतं सिनेगीत मागे लावण्याऐवजी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं मोफत संगीत घ्या, किंवा गावातल्या वादकाकडून वाजवून घ्या आणि त्याचं नाव द्या. नागझिरा अभयारण्यात शूटिंगला जाणार असाल तर वन विभागाचे नियम आधी विचारून घ्या. तिथे ड्रोन उडवता येत नाही.

पहिला सराव

पहिल्या फिल्मसाठी मोठा विषय घेऊ नका. तीन मिनिटं, एक माणूस, एक काम: दंडारीसाठी चेहरा रंगवणारा कलावंत, पटाची जोडी तयार करणारा शेतकरी, पहाटे दुकान उघडणारा चहावाला. एक वाक्य लिहा, पंचवीस-तीस शॉट घ्या, पाच मिनिटांचा रफ कट करा. मग एक दिवस त्याला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून पाहा, चित्रातून गोष्ट कळते का. नंतर डोळे मिटून ऐका, आवाजातून जागा उभी राहते का. जिथे दोन्ही वेळा लक्ष सुटलं, तिथून कापा. पाचाची तीन मिनिटं बहुतेक याच कापण्यातून होतात.

शेवटी ती अशा माणसाला दाखवा ज्याला त्या कामाबद्दल काहीच माहीत नाही. आधी काही समजावून सांगू नका, आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे पाहा. तो जिथे हलला, मोबाइलकडे वळला किंवा ‘हे कोण?’ म्हणाला, तिथली वेळ लिहून ठेवा. मग टाइमलाइन उघडा आणि त्या जागा दुरुस्त करा. पुढच्या मंडईला जाल तेव्हा यातले निम्मे प्रश्न तुम्हाला शूटिंग करतानाच ऐकू येतील.